डोहाचा तह

"दौलू, ए दौलू, तुझी काहील आमच्या मुलकात आलीया. मागं घे. मागं घे म्हंतोय न्हवं, का फौज बोलवू?"

कृष्णेच्या ऐन मध्यावर, चैत्राच्या उन्हात, सुभेदार आबा ओरडत होते. आबांचं ओरडणं ही कानानं ऐकायची गोष्ट नव्हती, अंगावर घ्यायची गोष्ट होती. सकाळी परसात उभं राहून ते घसा साफ करत, तेव्हा कऱ्हाडच्या ठेसनात उभी असलेली गाडी शिट्टी झाली असं समजून निघून जाई, असं गावात सांगत. मी त्या गावात लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर होतो, तेव्हा खरं बोलणं मला भागच होतं. ती गाडी चुकलेले दोन प्रवासी मी डोळ्यांनी पाहिलेत.

"म्या काय करू सुभेदार," समोरून पलीकडच्या गावचे दौलू पाटील म्हणाले. ते कधी ओरडत नसत. "ह्ये काय घोडं हाय व्हय लगाम वढायला? फिरतीया तशी फिरतीया."

ते खरंच होतं. दोघेही गुळाच्या काहिलींत बसले होते. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची ती अवाढव्य लोखंडी कढई, तिला काहील म्हणतात. आमच्या भागात होड्या कमी आणि गुऱ्हाळं फार, त्यामुळे नदी ओलांडायची झाली की लोक तीच पाण्यात सोडत. तिला तोंड नाही, शेपूट नाही, वल्हं नाही. मागून एकानं पोहत ढकलायची, आणि त्यानं हात काढला की ती जात्यासारखी गरगरते. त्या दिवशी असं होत होतं, की आबांचं तोंड पाटलांकडे आलं की पाटलांची पाठ आबांकडे असायची, आणि पाटील फिरून काही बोलेपर्यंत आबा आमच्या काठावरच्या म्हशींशी वाटाघाटी करत असायचे. जगातल्या मोठमोठ्या मुत्सद्द्यांच्या बैठका अशाच होतात, असं आबांचं ठाम मत होतं. फक्त त्यांच्या खाली पाणी नसतं, म्हणून लोकांच्या ध्यानात येत नाही.

दोघांपैकी एकजण दुसऱ्याच्या काठावर आला असता तर काहिलींची गरजच नव्हती. पण आबा म्हणत, ज्याच्या मातीवर बसून तह होतो तो निम्मा आधीच जिंकलेला असतो. आणि तिथं मातीही दोन मुलखांची होती. आमचं चिंचणोली नदीच्या अलीकडे, म्हणजे इंग्रजाच्या मुलखात. पलीकडचं हिंगणोली संस्थानात. तिथला राजा वेगळा, कचेरी वेगळी, फौजदार वेगळा. हद्द नदीच्या मधोमध. ती दिसत कुणालाच नव्हती, पण म्हशी सोडल्या तर सगळ्यांना ठाऊक होती. चळवळीच्या दिवसांत भूमिगत पोरं आमच्या काठावरून सूर मारत आणि मध्य ओलांडला की पाण्यावर उताणी पडून आराम करत. काठावरचा फौजदार त्यांच्याकडे बराच वेळ बघत राही आणि मग चहा प्यायला जाई.

तर हा तह होता माशांचा.

आमच्या काठावर नाथाचं देऊळ. म्हसवडच्या सिद्धनाथाचंच हे ठाणं, असं दोन्ही गावं मानत. देवळाखाली नदी वळते आणि एकदम खोल होते, तो नाथाचा डोह. शिमगा झाला की कृष्णा आटायला लागते. वरच्या-खालच्या पाण्यातला सगळा मासा सरकत सरकत या डोहात येऊन राहतो. मृगाचं पाणी आलं की तो तिथून चढणीला लागतो, अंडी घालतो, आणि नदी पुन्हा भरते. डोह म्हणजे बियाण्याची कणगी. ती ऐन उन्हाळ्यात कुणी फोडली, की पुढच्या सालाला दोन्ही काठांवरच्या भोयांनी जाळी धुऊन वाळत घालायची आणि त्यांच्याकडे बघत बसायचं.

आणि फोडायला सुरुवात झाली होती. दुसरी मोठी लढाई भरात होती. दोन्ही गावांतली निम्मी तरणी पोरं पलटणीत. रजेवर आली की त्यांना चार दिवस बरे जात आणि पाचव्या दिवशी काहीतरी उडवल्याशिवाय करमत नसे. त्यातच उसापायी विहिरी खणायचं वेड आलेलं. सुरुंगाच्या कांड्या घरोघरी कोनाड्यात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. एका वैशाखात हिंगणोलीच्या पोरांनी डोहात कांडी टाकली. पुढच्या वैशाखात आमच्या पोरांनी. विचारलं तर दोन्हीकडून एकच उत्तर, पहिली त्यांनी टाकली.

त्या दुसऱ्या स्फोटानंतर मी आबांबरोबर काठावर गेलो होतो. पोरांनी मोठी मोठी मासळी उचलून नेली होती. राहिलेलं, बोटाएवढं, पांढऱ्या पोटाचं, काठाशी लाटेबरोबर हलत होतं. तानी भोईण तिथं उकिडवी बसली होती. तिचा नवरा आणि ती, दोघंही त्याच डोहावर जगत.

"ही पोरं हाईत आबा," ती म्हणाली. "ही मोठी हुनार, मंग म्या त्यास्नी धरनार. आता म्या काय धरू?"

आबांनी त्यातलं एक उचलून तळहातावर धरलं. मग ते दगडावर बसले.

"दमलो मास्तर," म्हणाले.

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पण एरवी ते दमल्यासारखं म्हणत नसत.

आबांचं वर्णन करायचं तर मिशांपासून सुरुवात करावी लागेल, आणि मिशांपासून सुरुवात केली तर कागद पुरायचा नाही. पलटणीतला जाड खाकी ओव्हरकोट ते बारा महिने घालत. उन्हाळ्यात का, असं विचारलं तर म्हणत, "ऊन आत शिरू नये म्हनून." मागच्या लढाईत ते फ्रान्सात होते. तिथं एका महालात मोठा तह झाला तेव्हा आपण दाराशी पहाऱ्याला होतो, असं ते सांगत. साध्या दिवशी दाराशी, सणावारी दाराच्या आत, आणि ऐकायला सोयरेधायरे जमले असले तर थेट टेबलाशी. एकदा तर दौत यांनीच पुढं सरकवली होती. दौलू पाटलांचं म्हणणं एवढंच होतं, की सुभेदार महालामागं घोड्यांना वैरण घालत होते आणि तहाची हकिगत त्यांना घोड्यांकडून कळली.

कुठूनही कळलेली असो, तहाविषयी आबांना काही गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. "लढाई करनारा एकदाच मरतोय मास्तर. तह करनारा रोज थोडा थोडा." किंवा, "भुकेल्या मानसानं तहाला बसू नये. त्यो कशालाबी व्हय म्हनतोय." म्हणून त्या चैत्रात काहिलीत बसण्याआधी ते इतक्या भाकरी जेवले, की आमच्या बाजूची काहील पाटलांच्या काहिलीपेक्षा वीतभर जास्त बुडाली होती. काकी, म्हणजे आबांच्या घरच्या, त्यांना वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "आवं, परसाचं कुंपन मोडलंय, शेजारच्या शेळ्या आत येत्यात. त्यांच्यासंगं तह कवा करताय?"

"त्यो घरगुती मामला हाय," आबा म्हणाले.

मला त्यांनी काठावर बसवलं होतं. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, मासा हा माझ्या बाबतीत फक्त बघायचा प्राणी. "तुमी तटस्थ राष्ट्र," आबांनी सांगितलं. "तुमी बोलू नका, नुस्ती मान हलवा."

तर काहिली गरगरत होत्या. आमच्या काहिलीला तानीचा नवरा धरून होता, पाटलांच्या काहिलीला त्यांच्याकडचा एक भोई. दोघांच्या मधे देवळाचा गुरव, पोटाखाली वाळका भोपळा बांधून, डोक्यावर बेल-भंडाऱ्याचं ताट घेऊन तरंगत होता. गुरव कुठल्याच काहिलीत बसू शकत नव्हता, कारण नाथ दोन्ही मुलखांचा.

आमच्याकडे शपथ कागदावर होत नाही. तळहातावर बेलाचं पान, पानावर चिमूटभर हळदीचा भंडारा, आणि बोलायचं ते तो हात उचलून बोलायचं. कोर्टात घडाघडा खोटी साक्ष देणारी माणसं मी पाहिली आहेत, ती भंडाऱ्यासमोर बोबडी वळल्यासारखी गप्प होतात. एक मात्र आहे. जे शब्द हात उचलून बोलले, तेवढेच बांधतात. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

अटी साध्या होत्या. शिमग्यापासून मृगापर्यंत डोहात सुरुंग नाही, विषारी पाला नाही, जाळं नाही. मृगानंतर भोयांनी आपापल्या काठानं धरावं. यावर भांडण झालंच नाही. भांडण झालं ते सुरुवातीच्या शब्दांवर.

"चिंचनोली आन हिंगनोली, येवडं म्हना की," पाटील म्हणाले. "लय झालं."

"गावागावांत भांडन आसतंय दौलू. तह मुलकामुलकांत आसतो. म्हन, इंग्रजी मुलूख आन संस्थानी मुलूख, या दोन मुलकांत."

"राजेसाबांना इचारलं न्हाई म्या."

"राजेसाब मासं खात्यात?"

"न्हाई."

"मंग त्यांचं काय जातंय?"

पाटील काहिलीबरोबर एक फेरी फिरून परत समोर आले. "आवं सुभेदार, चार भोयी आन एक डोह. त्याला येवडं मोठं पागोटं कशापायी?"

"मोठं पागोटं आसलं की त्ये खाली पाडाया मानूस धा येळा इचार करतोय," आबा म्हणाले.

पाटलांनी मान डोलवली. पटलं म्हणून नव्हे, उन्हानं काहील तापली होती म्हणून. आबांनी हात उचलला आणि ते शब्द तीनदा म्हटले, दोन्ही गावांतली कुत्री गप्प झाली अशा आवाजात. पाटलांनी हळू म्हटले. काहील फिरत असल्यामुळे त्यांची निम्मी शपथ देवळाकडे बघून झाली आणि निम्मी स्वतःच्या गोठ्याकडे बघून. मग दोघांनी भंडारा पाण्यात सोडला. डोह थोडा वेळ पिवळा झाला. मी मान हलवली.

तह पाळला गेला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की पोरखेळ होता. पहिल्याच उन्हाळ्यात आमच्याकडच्या फौजदारांकडे कोणी पाहुणे आले आणि त्यांना डोहातला मासा खावासा वाटला. फौजदार शिपाई घेऊन काठावर आले. आबा कोट घालून दगडावर बसलेले.

"साहेब, मासा हुता हितंच," आबा म्हणाले. "तुमाला बघून मध्याच्या पल्याड गेला. आता त्यो संस्थानात हाय. तिकडनं परवानगी आना, म्या स्वोता धरून देतो."

फौजदारानं पाण्याकडे पाहिलं. याच पाण्यातून त्याची किती माणसं अशीच पलीकडे गेली होती. त्यानं वाद घातला नाही. पाहुण्यांना घेऊन तो आबांच्या घरी पिठलं-भाकरी जेवला, आणि जाताना म्हणाला, "सुभेदार, या नदीनं मला म्हातारं केलं."

तिसऱ्या सालापर्यंत डोहात मासा इतका झाला, की म्हशी पाण्यात उतरण्याआधी काठावर थांबून जागा होण्याची वाट बघत. एका मृगात तानीच्या जाळ्यात असा एक मासा सापडला, की त्यानंच तानीला ओढत नेलं, आणि मध्यावर पोचल्यावर हद्द आली म्हणून सोडून दिलं. हे मला तानीनं सांगितलं नाही, आबांनी सांगितलं. पण तानीनं घरावर नवी कौलं घातली, ती मी पाहिली.

झिजले ते आबा. तह एकदा होतो आणि राखावा रोज लागतो, हे फ्रान्समधल्या घोड्यांनी त्यांना सांगितलं नसावं. शिमगा झाला की ते दगडावर जाऊन बसत ते मृगापर्यंत. रोज कुणीतरी गाऱ्हाणं आणी. संस्थानातला बगळा आमच्याकडचा मासा खातो. आमच्याकडचं पाणमांजर तिकडं जाऊन वाळत घातलेलं जाळं फाडतं. हिंगणोलीच्या बायका मध्याच्या अलीकडे येऊन धुणं आपटतात, मासा दचकतो. आबा प्रत्येकासाठी उठून काठाशी जात, पलीकडे हाक घालत, पाटील येईपर्यंत उभे राहत, आणि पाटील हळू आवाजात बोलत ते ऐकू येत नसल्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून ओरडत. पहिल्या सालचा त्यांचा आवाज कऱ्हाडची गाडी हलवायचा. तिसऱ्या सालापर्यंत तो जेमतेम पलीकडच्या काठाला लागे.

"दमलो मास्तर."

"मग दुसऱ्या कुणाला बसवा."

"बसवीन की. पर त्याला म्हाईत पायजे, काय राखायचंय त्ये. ह्या पोरास्नी वाटतंय म्या मासं राखतोय."

"मग काय राखताय?"

"बोललेलं," म्हणाले, आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

साताऱ्याहून सर्व्हिस मोटारीनं येणारं शिळं वर्तमानपत्र मी त्यांना देवळापाशी वाचून दाखवी. लढाई संपल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात एकदा आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, बातमी होती. अमेरिकेत अनेक देश एकत्र बसले आणि त्यांनी देवमाशांविषयी करार केला. किती मारायचे, कुठं मारायचे, पिल्लांना आणि पिल्लं पाजणाऱ्या माद्यांना हात लावायचा नाही, असं काहीबाही. नाहीतर समुद्रात देवमासाच उरणार नाही म्हणून.

आबांनी ती मला पुन्हा वाचायला लावली. मग त्यांचा चेहरा असा झाला, की जणू धाकट्या भावानं सातासमुद्रापलीकडून बऱ्याच वर्षांनी खुशाली कळवली.

"पोरास्नी हात लावायचा न्हाई म्हनत्यात?"

"हो."

"तानी ह्येच म्हनली हुती. तिला सांगाय पायजे." थोडं थांबून, "देवमासा केवडा आसतो?"

"आपल्या देवळाएवढा. शिखरासकट."

"आन त्यो ऱ्हातो कुनाच्या हद्दीत?"

"समुद्राला हद्द नसते आबा. मधल्या समुद्रात कुणाचंच राज्य नाही."

 देवळाच्या पायरीवर एक म्हैस येऊन बसली, ती त्यांनी हाकललीही नाही.

"मंग आवघड हाय," ते म्हणाले. "हद्द न्हाई, तर मोडल्यावर धरनार कुठं? आन कोन कुनाला इचारनार?"

पण संध्याकाळपर्यंत ते सावरले. पारावर त्यांनी गावाला सांगितलं, की आपला डोहाचा तह बघून अमेरिकेत लोक बसले. तिथं समुद्रात एवढाल्या काहिली सोडल्या होत्या की एकेका काहिलीत चिंचणोली मावेल. आणि इतकी राष्ट्रं एकदम गरगरत होती, की सही करेपर्यंत निम्म्यांना ओकाऱ्या झाल्या. हिंगणोलीला ही बातमी पोचली. दौलू पाटलांनी निरोप धाडला, "त्यास्नी म्हनावं, मध्य नीट बघून घ्या."

मग इंग्रज गेला. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला संस्थानं विलीन झाली. हिंगणोलीत हलगी वाजली, गुलाल उधळला, आमच्याकडचे लोक काहिलींतून पलीकडे जेवायला गेले. नदी होती तशीच होती, फक्त तिच्या मधे आता काही नव्हतं. फौजदार एकच झाला. त्याला फार आनंद झाला असेल.

आबांनी त्या दिवशी पदकं लावली, देवळापर्यंत गेले, पाण्याकडे बघून सलाम केला आणि घरी येऊन निजले. काकी म्हणाल्या, "बरं झालं. आता ह्यांना जरा इसावा मिळंल." गावातल्या सगळ्यांना तसंच वाटलं. मलाही.

वैशाखात, दुपारी मुलं सोडून मी शाळेला कुलूप लावत होतो, तेव्हा दणका झाला. खिडकीची तावदानं हलली. मी काठावर पोचलो तर आबा आधीच तिथं होते, अनवाणी, कोटाशिवाय. कोटाशिवाय मी त्यांना तोवर पाहिलंच नव्हतं. आत एवढा बारका माणूस असेल असं वाटलं नव्हतं.

डोह पांढरा झाला होता. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती पोटं. पाच सालं साठलेलं सगळं एकदम वर आलं होतं. पाण्यात आबांचा पुतण्या सर्जेराव होता, पलटणीतून रजेवर आलेला, आणि त्याच्या शेजारी दौलू पाटलांचा नातू. दोघं मिळून एकाच पोत्यात मासा भरत होते, हसत, एकमेकांवर पाणी उडवत. दोन्ही गावांच्या पोरांनी एकत्र केलेलं ते पहिलं काम.

मी वाट बघत होतो, आता आबा ओरडतील. अख्खा काठ वाट बघत होता.

"सर्ज्या," ते म्हणाले, साध्या आवाजात. "भंडारा उचललाय आपन."

सर्जेराव पाण्यातून बाहेर आला. पोरगा वाईट नव्हता; चुलत्यासमोर ओल्या अंगानं अदबीनं उभा राहिला. "व्हय आबा. म्या तवा हितंच उभा हुतो. इंग्रजी मुलूख आन संस्थानी मुलूख, या दोन मुलकांत, आसं तुमी तीनदा म्हनला. आता दोन्ही मुलूख न्हाईत. मंग म्या काय मोडलं?"

"गुरवाला इचारलं आमी," पाटलांचा नातू पाण्यातूनच म्हणाला. "त्यो म्हनला, शबुद तसंच हुतं."

गुरव देवळाच्या पायरीवर खाली मान घालून उभा होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. शब्द तसेच होते. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. त्या पोरांना भंडाऱ्याची भीती होती म्हणूनच त्यांनी आधी विचारून घेतलं होतं. नुसती गावांची नावं घेतली असती तर पोरं सुटली नसती. गावं जिथल्या तिथं होती.

तानी आली, पाण्याच्या कडेला उभी राहिली. या खेपेला ती बसली नाही.

"आबा," म्हणाली, "आमी जातो."

मृगात जाळी रिकामी आली. पलीकडचे भोई आधी गेले, कुठं ऊसतोडीला, कुठं खडी फोडायला. तानी आणि तिचा नवरा सांगलीच्या वाटेला लागले. जाळं बरोबर न्यायचं तर ओझं, म्हणून तिनं ते देवळाच्या खुंटीला टांगून ठेवलं. ते तिथं वाळून इतकं कडक झालं की उंदरांनीसुद्धा सोडून दिलं.

आबांनी आणखी एक गोष्ट केली. पुढच्या चैत्रात त्यांनी गुरवाबरोबर हिंगणोलीला निरोप पाठवला, मी तिथंच होतो. "दौलूला म्हनावं, डोहात थोडं बी ऱ्हायलंय. फिरून भंडारा उचलू. या टायमाला चिंचनोली आन हिंगनोली येवडंच म्हनू. तू म्हनलावतास तसं. मुलूख-बिलूख काय नगं."

हे म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मी सांगत नाही. मिशा बोलत नव्हत्या, माणूस बोलत होता.

ठरल्या दिवशी दुपारी काहील पाण्यात सोडली. ढकलायला भोई राहिले नव्हते. गुरवानंच ती मध्यापर्यंत नेली आणि तो परत येऊन सावलीत बसला. आबा एकटे काहिलीत. कोट नाही, पदकं नाहीत. उजव्या मुठीत बेल-भंडारा. ते जेवलेले नव्हते, काकींनी नंतर सांगितलं.

पलीकडच्या काठावर कोणी नव्हतं. काहील हळूहळू फिरत होती. आबांचं तोंड हिंगणोलीकडे यायचं, मग वरच्या पाण्याकडे, मग आमच्याकडे, मग खालच्या पाण्याकडे, मग पुन्हा हिंगणोलीकडे. प्रत्येक फेरीला मला वाटे, आता हाक घालतील. एक हाक घातली असती तर पाटील काय, पाटलांच्या मागल्या सात पिढ्या काठावर आल्या असत्या. पण त्यांनी हाक घातली नाही. मूठ मांडीवर, नजर जाईल तिकडे. ऊन कलल्यावर त्यांनी हात पाण्यावर नेला आणि मूठ उघडली. डोह पिवळा झाला की नाही, ते काठावरून दिसलं नाही. एवढुसा तर भंडारा.

त्यानंतर लवकरच माझी सांगलीला बदली झाली. आबा गेल्याचं मला तिथं कळलं, दौलू पाटलांकडूनच. ते विश्रामबागेत लेकीकडे आले होते, दारातल्या बाजेवर बसून सुपारी कातरत होते. मला बघून त्यांनी सांगितलं, थंडीत गेले, झोपेत, काकींना हाकसुद्धा न मारता. मी बाजेच्या कडेला बसलो. मग माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, "पाटील, त्या दिवशी आबा काहिलीत थांबले होते. तुम्ही आला का नाहीत?"

पाटलांनी सुपारीचं खांड निवडून माझ्या हातावर ठेवलं.

"निरोप पोचला हुता मास्तर," ते म्हणाले. "काहीलबी धुऊन ठिवली हुती म्या. पर दोनी काठ येकाच मुलकाचं झालं, तवा नदीचा मध्य कुठला धरायचा, त्ये काय ध्येनात आलं न्हाई."